गाडी विकली, हप्ता मात्र आपलाच

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या बडोद्याचा हार्दिक पंड्या गुजरात टायटन्स सोडून परत मुंबई इंडियन्सकडे गेला, तेव्हा निष्ठा, दगाबाजी, कप्तानपद यांवर भरपूर वाद झाले. मला त्यातला हिशेब जास्त आवडला होता. हार्दिकचे १५ कोटी बसवायला पर्समध्ये जागा हवी, म्हणून मुंबईने साडेसतरा कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बेंगळुरूला दिला. ग्रीन गेला, त्याची रक्कमही त्याच्याबरोबर गेली. विषय संपला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तो इतक्या सहज संपत नाही. (हेल्मेट घालून खेळतात तो फुटबॉल, मेस्सीचा नव्हे.) ऑक्टोबर आला की आमच्या प्रोजेक्टवरच्या अमेरिकन सहकाऱ्यांच्या तोंडी 'कॅप स्पेस' हा एकच शब्द असतो. ऐकून ऐकून मलाही त्याचा नाद लागला.

तिथल्या एनएफएल या लीगमध्ये १९९४ पासून 'सॅलरी कॅप' आहे, म्हणजे खेळाडूंच्या पगारावर वार्षिक मर्यादा. ३२ संघांना ती सारखीच लागू. २०२२ साली ती २०.८२ कोटी डॉलर होती. मालक कितीही गडगंज असला तरी ती ओलांडता येत नाही. मात्र पगाराचा मोठा भाग बोनस म्हणून आधीच देऊन टाकला, तर हिशेबात तो कराराच्या उरलेल्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, वाटून धरता येतो. यंदा जागा मोकळी होते आणि भार पुढे सरकतो.

खेळाडू हंगामाच्या मध्यात दुसऱ्या संघाला दिला तर काय होतं? उरलेल्या आठवड्यांचा मूळ पगार नव्या संघाकडे जातो. पण बोनसचा जो हिशेब अजून फिटलेला नाही, तो जुन्या संघाच्याच वहीत राहतो आणि पुढच्या वर्षी एकदम अंगावर येतो. याला 'डेड मनी' म्हणतात. गाडी विकली, पण हप्ता आपल्याच खात्यातून जातोय, असा प्रकार.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ख्रिश्चन मॅकॅफ्रीचं. २०२० मध्ये कॅरोलायना पँथर्सने त्याचा करार चार वर्षांनी, ६.४ कोटी डॉलरला वाढवला. पुढच्या दोन हंगामांत दुखापतींमुळे तो एकूण १० सामनेच खेळला. मार्च २०२२ मध्ये जागा मोकळी करायला संघाने त्याच्या ८४ लाखांच्या मूळ पगारातले ७३.६५ लाख डॉलर बोनसमध्ये बदलले. कागदावर पगार उरला १०.३५ लाख.

हंगाम सुरू झाला आणि सहा सामन्यांत पँथर्स एकच जिंकले. प्रशिक्षकाला काढलं आणि २० ऑक्टोबरला मॅकॅफ्री सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सला दिला. १८ पैकी १२ आठवडे उरले होते, म्हणून नव्या संघाला त्या हंगामात फक्त ६.९ लाख डॉलरची जागा लागली. एवढ्यात असा खेळाडू! पँथर्सच्या २०२३ च्या वहीत मात्र त्याच्या नावाने सुमारे १.८३ कोटी डॉलर लागले. त्या वर्षीच्या मर्यादेच्या जवळपास आठ टक्के, आणि तेही दुसऱ्यासाठी धावणाऱ्या माणसावर. तो त्या हंगामात लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, फोर्टीनाइनर्स सुपर बोलपर्यंत पोचले आणि पँथर्सनी १७ पैकी १५ सामने गमावले.

तरी पँथर्सना मूर्ख म्हणणं चूक. पगार कागदावर कमी असल्यामुळेच गिऱ्हाइकाला तो परवडला, आणि बदल्यात कॉलेजातून येणारे नवे खेळाडू निवडण्याचे चार हक्क, म्हणजे ड्राफ्ट पिक्स, मिळाले. काही संघ तर मुद्दाम पैसे भरून खेळाडू देतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेन्व्हरने व्हॉन मिलर लॉस एंजेलिस रॅम्सला दिला, तेव्हा त्याच्या उरलेल्या ९७ लाखांपैकी ९० लाख डॉलर डेन्व्हरनेच सोसले. बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक्स घेतले. रॅम्स तीनच महिन्यांनी सुपर बोल जिंकले.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी दिसली तर कराराचा एकूण आकडा सोडून द्या. यंदाचा मूळ पगार किती उरलाय आणि फिटायचा बोनस किती आहे, हे दोनच आकडे बघा. ऑक्टोबरमध्ये कुणाला घेता-देता येईल हे पुष्कळदा मार्चमधल्या सहीनेच ठरलेलं असतं. शिस्तीचे संघ म्हणूनच थोडी जागा रिकामी ठेवतात. न वापरलेली जागा पुढच्या वर्षी नेता येते, त्यामुळे ती वायाही जात नाही.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांत यालाच 'टेक्निकल डेट' म्हणतात: आत्ता चालवून घेऊ, पुढच्या रिलीजला नीट करू. आणि तिशीतल्या आपल्या घरांत त्याचं नाव ईएमआय. फ्लॅट, गाडी, फोन, सगळे हप्ते एकेकटे परवडतात. पण मनासारखी नोकरी कमी पगारावर का होईना, भर वर्षात समोर आली, किंवा आईबाबांसाठी सहा महिने घरी थांबायची वेळ आली, तर हो म्हणता येईल का, हे त्या हप्त्यांच्या बेरजेवर ठरतं. नवा हप्ता घेताना व्याजदर तर विचाराच. पण तो सुरू झाल्यावर महिन्याला किती जागा रिकामी राहते, तेही एकदा मांडून बघा.