वस्तादाचा वाटा

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा संपली आणि मुळशी तालुक्याच्या पृथ्वीराज मोहोळने मानाची गदा पटकावली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका विद्यार्थ्याच्या घरच्या कार्यानिमित्त रिहे या मुळशीतल्याच गावी जाण्याचा योग आला. पंगती उठल्या होत्या. मांडवाच्या कडेला कॉलेजातली आठ-दहा मुले कोंडाळे करून बसली होती, आणि त्या आठवड्यात मुळशीत दुसरा विषय असणे शक्यच नव्हते. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत शिवराज राक्षेचे दोन्ही खांदे खरोखर टेकले होते का, त्याने पंचांना लाथ मारली ते कितपत क्षम्य, शेवटची काही सेकंदे उरलेली असताना महेंद्र गायकवाडने मैदान का सोडले, हे सगळे चघळून झाल्यावर वाद मूळ पदावर आला. पृथ्वीराज जिंकला तो कशाच्या बळावर?

दोन तट पडले. एकाचे म्हणणे, "रक्तातच असावं लागतं. मुळशीचं पाणीच तसं आहे." दुसऱ्याचे म्हणणे, "रक्त-बिक्त काय नाय. पहाटे चारला उठून जोर काढा, मग बोला." पुष्कळ वेळ हे चालले. एक मुलगा गप्प होता. दोन वर्षे तालमीत काढून त्याने कुस्ती सोडलेली होती. तो मधेच म्हणाला, "वस्ताद कोण होता, ते पण बघा की." बाकीचे हसले. "वस्ताद काय, सगळ्यांनाच असतो!" मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही सांगा." मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतली. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर होय.

माझे म्हणणे असे की, ते दोन तट वस्तुतः एकाच पक्षाचे आहेत. रक्तवादी आणि मेहनतवादी कितीही हमरीतुमरीवर आले तरी यशाचे कारण मल्लाच्या शरीराबाहेर कुठे असू शकते, ही शक्यता दोघांनाही मान्य नाही. एकाला ते मल्लाच्या जन्मात दिसते, दुसऱ्याला त्याच्या घामात. याची दुसरी बाजू आपण सहसा उच्चारत नाही. यश मल्लाच्या आतूनच येत असेल तर अपयशही त्याच्या आतलेच ठरते. जो मागे पडला त्याच्या रक्तात तरी खोट असणार किंवा तो आळशी तरी असणार. तालमीने, गावाने, कुस्तीच्या संघटनांनी, शासनाने त्याचे काही देणे लागावे असा प्रश्नच उरत नाही. म्हणून हा वाद मला निरुपद्रवी वाटत नाही. ज्यांनी शिकवायचे त्यांना आणि ज्यांनी शिकवण्याची तजवीज करायची त्यांना तो निर्दोष सोडून देतो.

मराठीच्या अभ्यासकाला खरे तर या वादात गोंधळायचे कारण नाही. साहित्यशास्त्राच्या पेपरात काव्याच्या हेतूंवर टिपण लिहिल्याशिवाय आपल्यापैकी कुणाचे एम.ए. झालेले नाही. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात हाच तंटा सोडवून ठेवला आहे. कवीची उपजत शक्ती, लोकव्यवहार आणि शास्त्रे यांच्या निरीक्षणातून येणारी निपुणता, आणि अभ्यास अशा तीन गोष्टी त्याने सांगितल्या. पण त्यांना तीन हेतू न म्हणता तिन्ही मिळून एकच हेतू म्हटले. तिन्हींपैकी श्रेष्ठ कोणते हा प्रश्नच त्याने त्यामुळे बाद केला. आपण परीक्षेत एवढे लिहितो आणि गुण घेतो. मात्र अभ्यासाबद्दल मम्मट एक अट घालतो, ती आपण घाईत ओलांडून जातो. त्याला अभिप्रेत असलेला अभ्यास हा काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीखाली केलेला अभ्यास आहे. नुसती घोकंपट्टी किंवा नुसती मेहनत त्याच्या हिशेबात अभ्यास ठरत नाही. रिहे गावातला तो गप्प मुलगा मम्मट न वाचता नेमके हेच सांगत होता.

कुस्तीत याचा अर्थ काय, ते पाहू. मेहनत ही वजनकाट्यावर टाकायची वस्तू असावी, जितकी जास्त तितकी बरी, असे आपण बोलतो. पण मेहनतीला दिशा असते. मातीतल्या जुन्या कुस्त्या अर्धा-अर्धा तास चालत. तिथे दमसास आणि पकडीतली चिकाटी लागे, आणि हजार जोर, हजार बैठका त्यासाठीच होत्या. गादीवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. पाय रिंगणाबाहेर पडला तरी गुण जातो, निष्क्रिय राहिले तर ताकीद मिळते, दहा गुणांची आघाडी झाली की चितपट न होताही कुस्ती संपते. तिथे पहिल्या दहा सेकंदांत पटात शिरण्याची चपळाई आणि गुणांचे भान लागते. जुन्या पद्धतीने दुप्पट मेहनत करणारा मुलगा गादीवर दुप्पट चांगला होत नाही, चुकीच्या लढतीसाठी दुप्पट तयार होतो. एकेरी पट काढताना त्याचे डोके कोणत्या बाजूला जाते, मान कुठे अडकते, कोणत्या जोडीबरोबर त्याला लढत द्यायची आणि कोणत्या दिवशी त्याला हौदात उतरूच द्यायचे नाही, हे त्याचे त्याला दिसत नसते. बाहेर उभा असलेला जाणता माणूस ते पाहतो. त्या पाहण्याचे नाव वस्तादकी.

यावर खाशाबा जाधवांचे नाव पुढे केले जाईल, याची मला खात्री आहे. गोळेश्वरचा गरीब घरचा मुलगा, अंगची धमक, जिद्द, आणि १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या गोष्टीत गुरूला जागा कुठे? जागा आहे, आपण ती पुसली आहे. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. गोविंद पुरंदरे यांच्यासारखे मार्गदर्शक त्यांना लाभले होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी रीस गार्डनर या परदेशी मल्लाकडून त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे मिळाले, आणि त्या स्पर्धेत ते सहावे आले. रक्त तेव्हाही तेच होते, जिद्दही तीच. सहाव्या क्रमांकापासून कांस्यपदकापर्यंतचे अंतर चार वर्षांच्या मेहनतीने कापले हे खरे. पण गादी म्हणजे काय हे कळल्यानंतरची ती मेहनत होती. आणि हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. एका कॉलेजचा प्राचार्य एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकतो, आणि आपण मात्र त्या पदकाचा सारा अर्थ 'मातीतला हिरा' या दोन शब्दांत संपवतो!

याहून बोचणारे उदाहरण पुढे आहे. १९७७ साली बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला अस्मान दाखवले. महाराष्ट्रातल्या कुस्तीशौकिनाला आजही ती कुस्ती डोळ्यांसमोर उभी करून सांगता येते. पुढे दोघेही वस्ताद झाले. बिराजदारांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत मुले घडवली. सतपाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये आखाडा उभा केला. खाशाबांच्या नंतर कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक यायला छप्पन्न वर्षे लागली. २००८ मध्ये ते आणले सुशील कुमारने, आणि तो छत्रसालचा होता. योगेश्वर दत्त, रवी दहिया, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला अमन सेहरावत, हेही त्याच आखाड्यातले. आता रक्तवाद्यांनी सांगावे, १९७७ साली कुणाचे रक्त सरस ठरले होते? आम्ही ती कुस्ती जिंकलो आणि तिच्याच आठवणीत रमलो. त्यांनी ती हरली आणि शाळा काढली. छत्रसाल ही काही पवित्र भूमी आहे असे मला म्हणायचे नाही. २०२१ साली तिथे घडलेल्या हत्येचा डाग त्या आखाड्याला लागलेलाच आहे. बळ शिकवले आणि संयम शिकवायचा राहिला की काय होते, हे सांगायला मुळशीकरांना दिल्लीचे उदाहरणही नको. 'मुळशी पॅटर्न' हा २०१८ चा चित्रपट त्यांनी पाहिलेला आहे.

आता एका आक्षेपाला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवार यांच्याच तालमीतले. सदगीर जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. वस्ताद एकच, मग एक जिंकला आणि एक हरला तो कशामुळे? इथे अंगच्या गुणांचा, मेहनतीचा, त्या दिवशीच्या नशिबाचा वाटा मान्यच करावा लागतो, आणि मी तो करतो. पण प्रश्न उलट बाजूनेही विचारून पाहा. साऱ्या महाराष्ट्रातून आलेल्या मल्लांमधून शेवटी उरलेले दोघेही एकाच वस्तादाचे कसे? ज्याला हा योगायोग वाटतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्या दोघांत सरस कोण, हे प्रतिभेने ठरले असेल. ते दोघे तिथवर पोहोचले ते शिक्षणाने. शौकिनांची नजर शेवटच्या पायरीवर खिळलेली असते आणि जिना कुणी बांधला हे विचारायचे राहून जाते.

दुसरा आक्षेप एकलव्याचा. गुरूवाचून विद्या मिळते याचा दाखला म्हणून आपण ती कथा सांगतो. शिक्षणसंस्थांच्या समारंभांत तर ती हमखास सांगितली जाते. मला ती नेमक्या उलट अर्थाची वाटते. एकलव्याला गुरू नको नव्हता. तो मागायला गेला आणि त्याला नाकारले गेले. ज्याने शिकवले नाही त्याने अंगठा मात्र वसूल केला. या कथेत गुरूची अनावश्यकता कुठे आहे? आहे ती गुरूच्या नाकर्तेपणावर चढवलेली शिष्याच्या गौरवाची झूल. गादी नाही, वस्ताद नाही, दुखापतीवर उपचाराची सोय नाही, अशा ठिकाणच्या मुलाला 'एकलव्य हो' असे सांगणारा माणूस द्रोणाचाच वारस असतो.

वस्तादांच्या परंपरेतही दोष आहे, तो झाकून चालणार नाही. वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, ही म्हण आपण कौतुकाने सांगतो. मला तिची लाज वाटते. राखून ठेवलेला डाव वस्तादाबरोबर सरणावर जातो. मामासाहेब मोहोळांनी याच्या उलट केले. ते मुळशीतल्या मुठा गावचे. १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली, आणि विजेत्याच्या खांद्यावर दिसणारी गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. मुळशीच्या पाण्याचा एवढा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, मुळशीने कुस्तीला दिलेली सर्वांत मोठी देणगी ही संस्था आहे. ती पाण्यातून आलेली नाही, कुणीतरी बसून, माणसे जमवून, वर्षानुवर्षे चालवलेली आहे.

आणि तरीही वस्तादाची किंमत आपण काय करतो? जत्रेच्या आखाड्यात मल्लाच्या कुस्तीवर इनाम लागते, रोख रक्कम पुकारली जाते, हलगी कडाडते. वस्तादाला फेटा आणि नारळ. आम्हा प्राध्यापकांनी याला हसू नये. महाविद्यालयातही गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचा फोटो प्रवेशद्वारावर झळकतो आणि त्याला शिकवणारा तासिका तत्त्वावर तासाचे पैसे मोजत असतो. हुशार मुले शिकतातच आणि कष्टाळू मुले पुढे येतातच, असे एकदा ठरवले की शिक्षक भरायचे कारण उरत नाही. 'टॅलेंट' आणि 'हार्डवर्क' या दोन शब्दांवर आज जी व्याख्याने झोडली जातात, त्यांचा छुपा मथितार्थ मला असा दिसतो : शिकवण्यावर खर्च करू नका.

शेवटी त्या मुलाविषयी. निघताना तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला, तेव्हा मी त्याला कुस्ती सोडण्याचे कारण विचारले. तालमीतला हौद चांगला होता म्हणाला, मुलेही होती. वस्तादांना मानधन असे काही नव्हतेच. घर चालेना म्हणून त्यांनी एका कंपनीत पहारेकऱ्याची नोकरी धरली. मग ते रविवारी यायचे. बाकीचे सहा दिवस मुले आपापल्या मनाने मेहनत करायची. त्यातच त्याचा गुडघा गेला. "मेहनतीला आपण कमी पडलो नाय सर," तो म्हणाला. रोजचे जोर किती, बैठका किती, हे आकडे त्याला अजून पाठ होते. पाय कुठे चुकत होता, ते सांगायला सहा दिवस कुणी नव्हते.