नोंद नसलेले काम

जयपूरमध्ये कुणी वारले की तिसऱ्या दिवशी ‘तीये की बैठक’ असते. वर्तमानपत्रात वेळ आणि ठिकाण सांगणारी लहानशी चौकट येते. लोक येतात, थोडा वेळ शांत बसतात, तसबिरीला फुले वाहतात आणि निघून जातात. काही महिन्यांपूर्वी आमच्या जवाहर नगरमध्ये अशाच एका बैठकीला मी गेलो होतो. वारलेल्या बाई मराठी होत्या. माहेर ग्वाल्हेरचे, लग्नानंतरचे सगळे आयुष्य जयपूरचे. कॉलनीत सर्वजण त्यांना काकू म्हणत. चौकटीत त्यांच्या नावापुढे ‘गृहिणी’ एवढेच छापले होते. मात्र मंडपाबाहेर सतरंजीवर बसलेल्या पन्नास-साठ स्त्रिया काकूंच्या नात्यातल्या नव्हत्या. त्या शेजारच्या कच्च्या वस्तीतून आल्या होत्या.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. जवाहर नगरचे सेक्टर आखीव-रेखीव आहेत. त्यांच्या पाठीमागे डोंगराच्या पायथ्याला वाळूच्या टेकाडांवर मोठी वस्ती आहे. तिथले पत्तेही टेकाडांवरूनच सांगतात, ‘टीला नंबर अमुक’. सेक्टरमधल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बहुतेक बाया तिथल्याच. काकू वीसेक वर्षे त्यांचे अर्ज भरून देत. काम वरकरणी क्षुल्लक वाटेल. एखादीच्या रेशन कार्डावर नावापुढे ‘देवी’ असते तर आधार कार्डावर ‘बाई’ असते, आणि तेवढ्यावरून विधवा निवृत्तिवेतन अडते. कुणाच्या बोटांचे ठसे भांडी घासून इतके झिजलेले असतात की यंत्र ते ओळखत नाही. आधी भामाशाह कार्ड आले, 2019 मध्ये जन आधार आले. प्रत्येक बदलाबरोबर कुणीतरी यादीतून गळाले आणि काकू त्या बाईला घेऊन ई-मित्र केंद्रात जाऊन बसल्या.

एकदा त्यांनी मला विचारले होते, “भाऊ, तुमच्या योजना चांगल्या असतात हो. पण योजना घरापर्यंत पोचवायला एक माणूस लागतो. तो माणूस तुमच्या कागदांत कुठे असतो?”

मला उत्तर देता आले नाही. याचे कारण मला ठाऊक होते. नोकरीच्या काळात मी स्वतः अशा योजनांची टिपणे लिहिली आहेत. त्यांत ‘अंमलबजावणी लोकसहभागातून’ असे एक वाक्य असे आणि त्यासमोरच्या खर्चाच्या रकान्यात शून्य. ते शून्य म्हणजे कुणाची तरी दुपार असते, हे मला त्या दिवशी जाणवले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवीन नसावे. पिगूने 1920 सालीच दाखवून दिले होते की एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. आम्ही हे उदाहरण वर्गात हसत शिकलो आणि पुढे त्याच हिशोबाने फायली हलवल्या. आपल्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणारी’ गणली जाते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की घरातील बिनपगारी कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी 299 मिनिटे देतात आणि पुरुष 97 मिनिटे. या 299 मिनिटांनंतर उरलेला वेळ समाजाला देणारी स्त्री आपल्या हिशोबात दोनदा गळते.

काकूंचा विचार करताना मला रमाबाई रानडे आठवतात. 1862 साली जन्मलेल्या रमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले आणि अक्षरओळख सासरी, पतीच्या आग्रहाने झाली. 1901 मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले. विधवेने घराच्या कोपऱ्यात राहावे असा तो काळ. रमाबाई मात्र येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटू लागल्या, रुग्णालयात आजाऱ्यांची विचारपूस करू लागल्या. मुंबईत 1908 मध्ये आणि पुण्यात 1909 मध्ये सेवासदन उभे राहिले. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने परिचारिका होणे कमीपणाचे मानले जात असताना सेवासदनाने विधवांना व गरजू स्त्रियांना त्या शिक्षणाची वाट दाखवली. 1924 मध्ये रमाबाई वारल्या तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या.

एवढेच असते तर त्यांना परोपकारी म्हणून आपण थांबलो असतो. परंतु 1920 च्या सुमारास पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रश्न आला आणि सक्ती फक्त मुलांपुरती ठेवावी असा सूर निघाला, तेव्हा मुलींनाही ती लागू करा यासाठी स्त्रियांची चळवळ झाली आणि रमाबाई तिच्या अग्रभागी होत्या. ‘मुलींना आम्ही शिकवतो, तुम्ही काळजी करू नका’ असे त्या नगरपालिकेला म्हणाल्या नाहीत. शासनाचे काम शासनानेच करावे, हा आग्रह त्यांनी धरला. माझ्या मते खऱ्या स्वयंसेवेची ही दोन अंगे आहेत. एक म्हणजे पडलेल्याला हात देणे, आणि दुसरे, तो का पडला हे सत्तेला ऐकवणे.

प्रशासनाला पहिले अंग फार आवडते, दुसरे आवडत नाही. याच राजस्थानात 1984 मध्ये महिला विकास कार्यक्रम सुरू झाला. गावातलीच एक स्त्री ‘साथिन’ म्हणून निवडायची आणि महिन्याला 200 रुपये मानधन द्यायचे. जयपूरजवळच्या भटेरी गावच्या साथिन भंवरी देवी यांनी 1992 मध्ये बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणजे शासनाने सांगितलेले कामच केले. त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 1997 चा विशाखा निकाल या घटनेतून निघाला आणि पुढे 2013 चा कायदा आला. त्याचा लाभ देशभरातील कार्यालयांना झाला. खुद्द भंवरी देवींच्या खटल्यात मात्र 1995 मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले होते. काम शासनाचे आणि जोखीम तिची एकटीची, असा हा व्यवहार होता. 2005 नंतर आलेल्या आशाताईंनाही कागदोपत्री ‘स्वयंसेविका’च म्हटले गेले. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, परंतु गौरव म्हणजे वेतन नव्हे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जे काम रोजचे आणि आवश्यक आहे त्याला सेवा म्हणू नये, नोकरी म्हणावे आणि तसा पगार द्यावा. जे खरोखर स्वेच्छेने केले जाते त्याची किंमत योजनेच्या टिपणात शून्य दाखवू नये, निदान किती तास लागतात ते लिहावे. आणि अशा व्यक्तीने आणलेली तक्रार ‘योजना कुठे अडते’ याचा अहवाल मानून नोंदवावी. काकूंच्या वह्यांत वीस वर्षांचे असे अहवाल होते. एकाही कार्यालयाने ते मागितले नाहीत. मीही मागितले नाहीत.

बैठकीहून निघताना सतरंजीवरच्या एका वृद्ध बाईने मला विचारले, “साहब, अब फारम कौन भरेगा?” तिला वाटले असावे, सरकारी माणूस आहे, याला माहीत असेल.

कॉलनीतले आम्ही तिघे-चौघे आता रविवारी सकाळी काकूंच्या ओट्यावर बसतो. त्यांच्या मुलाने वह्या आमच्याकडे दिल्या आहेत. अर्ज भरणे आम्हांला जमू लागले आहे. तो अर्ज मुळात का भरावा लागतो, हे वर लिहून पाठवणे अजून बाकी आहे. माझ्यासारख्याकडून काकूंची अपेक्षा बहुधा तीच होती.