ट्रेक की नुसतं चिल?

पावसाळा लागला की ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते कळसूबाई. दुसरी म्हणते, कशाला तंगडतोड, धबधब्याखाली बसू, भजी खाऊ. घरचेही दुसरीलाच पटकन हो म्हणतात. ट्रेक म्हणजे रिस्क, पिकनिक म्हणजे सेफ, असा सगळा हिशेब.

पण अलीकडचे अपघात बघा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारच. यातलं कुणीही कडा चढत नव्हतं, निवांत फिरायला आलेली माणसं होती.

बऱ्या ट्रेकला लीडर असतो, परतायची वेळ ठरलेली असते. धबधब्यावर कोण कुणाला सांगणार? वर डोंगरात जोराची सर आली की खाली घोट्याएवढं पाणी बघता बघता कमरेला लागतं. बंदीचे आदेश निघतात, पण प्रत्येक ओढ्यावर पोलीस कुठून आणणार? (कळसूबाईच्या शिड्यांवरची रविवारची रांगही काही फार सेफ नाही म्हणा.)

चिलच करायचं असेल तर पाण्यात उतरू नका, काठावरच्या टपरीवर बसा. भजी तिथंच मिळतात.