आरोग्यचर्चा : रक्ताचे नाते आणि रक्ताची तपासणी



दिमोना येथील एका वडीलधाऱ्या वाचक भगिनींचे पत्र गेले दोन महिने माझ्या टेबलावर उत्तराची वाट पाहत पडून आहे. त्यांच्या नातीचे लग्न तिच्या आतेभावाशी ठरण्याच्या बेतात आहे. मुलगा सालस आहे, नोकरी चांगली आहे, दोन्ही घरची माणसे जन्मापासूनची परिचित आहेत. परंतु घरातील एका सुशिक्षित जावयाने, "नात्यात लग्न केले तर मुले रोगट निपजतात," असे म्हणून सर्वांच्या मनात किंतु उत्पन्न केला आहे. "माझ्या आईवडिलांचे लग्नही मामे-आते भावंडांतलेच होते. आम्ही सातही भावंडे धडधाकट निघालो. मग खरे कोणाचे मानावे?" असे त्या विचारतात.

या प्रश्नास 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही, म्हणून विलंब झाला. मध्यंतरी माझ्या एका भाचीशी बोलणे झाले. ती परिचारिका असून काही वर्षे कतार देशातील दोहा शहरी नोकरी करून आता ठाण्यास परतली आहे. तिने जे सांगितले त्यावरून हा विषय कतारच्या उदाहरणानेच अधिक चांगला समजेल असे मला वाटू लागले.

कतार हा इराणी आखातातील एक चिमुकला देश. आज तो वायूच्या साठ्यांमुळे श्रीमंत आहे, पण आपल्या आजोबांच्या काळी तेथील लोक समुद्रात बुड्या मारून मोती काढीत व ते मोती मुंबईच्या बाजारात विकावयास येत. १९६६ सालापर्यंत तेथे रुपयाच चालत असे. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळा रुपयाच छापला होता. देश लहान, मूळ रहिवासी थोडे, आणि विवाह बहुधा आपल्याच टोळीत, त्यातही शक्य तर चुलत घरात करण्याची जुनी चाल. तेथील पाहणीत निम्म्याहून अधिक विवाह नात्यातले आढळले आहेत.

या कतारमध्ये होमोसिस्टिन्युरिया नावाचा एक विकार आढळतो. नाव अवघड आहे, पण ते एकदा वाचून सोडून दिले तरी चालेल. जगात दोन-तीन लाख मुलांमागे एखाद्यास होणारा हा विकार कतारी मुलांत सुमारे १,८०० जन्मांमागे एकास होतो. मांस, मासळी, अंडी, दूध यांतील प्रथिनांत मेथिओनिन नावाचा एक घटक असतो. त्याचे शरीरात रूपांतर होत असता मध्येच होमोसिस्टीन नावाचा पदार्थ तयार होतो व एका विशिष्ट पाचकद्रव्याच्या साहाय्याने त्याचा निचरा होतो. ज्या मुलात हे द्रव्य नीट तयार होत नाही त्याच्या रक्तात होमोसिस्टीन साचत जाते. जन्मतः मूल अगदी निरोगी दिसते. पुढे डोळ्यांतील भिंग जागेवरून सरकते, हातपाय प्रमाणाबाहेर लांब व हाडे ठिसूळ होतात, बुद्धीची वाढ मागे पडते, आणि ऐन तारुण्यात रक्ताच्या गुठळ्या होऊन प्राणावर बेतते.

माझ्या भाचीने अशा एका घरातील दोन भावंडे पाहिली. थोरली बहीण तपासणी सुरू होण्यापूर्वी जन्मलेली. तिची दृष्टी अधू झाली होती व ती शाळेत जाऊ शकली नव्हती. धाकट्या भावाचा विकार जन्मानंतर थोड्याच दिवसांत उघडकीस आला, त्यास पहिल्यापासून विशेष दूध व पथ्याचा आहार मिळाला, आणि तो इतर मुलांसारखा शाळेत जात होता. आईबाप तेच, घर तेच. त्या मुलांची आजी रुग्णालयात येऊन एकच प्रश्न विचारी : "हा दोष कोणाच्या घरचा?" तिचा रोख सुनेकडे होता, हे सांगावयास नकोच. डॉक्टरांनी तिला सांगितले, "दोन्ही घरचा." आणि नवराबायको चुलत भावंडे असल्यामुळे दोन्ही घरे वस्तुतः एकच होती.

हे 'दोन्ही घरचा' म्हणजे काय, ते समजून घेऊ.

अशी कल्पना करा की, प्रत्येक मनुष्याजवळ स्वयंपाकाच्या दोन वह्या आहेत. एक आईकडून उतरवून घेतलेली, एक वडिलांकडून. दोन्हींत पदार्थ तेच : चिकाचा हलवा, पुऱ्या, बोंबलाचे कालवण. शरीरातील प्रत्येक पेशीत अशा दोन वह्या असतात आणि त्यांतील एकेका कृतीस शास्त्रज्ञ 'जनुक' म्हणतात. आता आजीच्या वहीवरून आईने नक्कल करताना एका ठिकाणी 'एक वाटी पीठ' याऐवजी 'एक वाटी मीठ' असे लिहिले गेले, तर त्या कृतीचा पदार्थ फुकट जाईल. अक्षर एकच चुकले. परंतु वडिलांकडून आलेल्या वहीत तीच कृती बरोबर असेल तर स्वयंपाक अडत नाही, आणि वहीत चूक आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा मनुष्यास 'वाहक' म्हणतात. तो रोगी नव्हे. त्याला कसलेही औषध लागत नाही. मात्र आपल्या अपत्यास तो दोन वह्यांपैकी कोणत्या वहीतली कृती देईल हे छापाकाट्यासारखे आहे. नवरा व बायको दोघेही एकाच चुकीचे वाहक असतील, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चार शक्यता असतात : एकीत दोन्ही नकला बरोबर, दोहोंत एक बरोबर व एक चूक, आणि चौथीत दोन्ही चूक. या चौथ्या मुलास विकार होतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढील तीन सुखरूप, असा याचा अर्थ नाही. दर खेपेस नाणे नव्याने उडविले जाते.

कतारच्या रोग्यांत ही चूक खरोखरच एका अक्षराची आहे. एकविसाव्या गुणसूत्रावरील त्या जनुकात एक रासायनिक अक्षर बदलले आहे व त्यामुळे पाचकद्रव्याच्या साखळीतील ३३६ वी कडी वेगळी पडते. तेथील जवळजवळ सर्व रोग्यांत हीच एक चूक सापडते. म्हणजे कोणा एका पूर्वजाच्या वहीतील चूक वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतली. हा विकार १९६२ साली प्रथम उत्तर आयर्लंडमध्ये ओळखला गेला. आयरिश रोग्यांत त्याच जनुकातील वेगळ्याच ठिकाणची चूक आढळते. त्यांचा पूर्वज निराळा.

या नियमाचा शोध लावणारे ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील मठातील एक पाद्री होते. त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे लावली. गोल दाण्याचे व सुरकुतलेल्या दाण्याचे वाण एकत्र केले तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोलच निघाले. त्या रोपांपासून पुढची पिढी काढली तेव्हा ५,४७४ दाणे गोल व १,८५० सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. सुरकुती नाहीशी झाली नव्हती, ती एक पिढी लपून राहिली होती. मेंडेल यांनी हे १८६५ साली सभेत वाचून दाखविले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९०० साली इतरांस पुन्हा तेच आढळून आले तेव्हा मेंडेल यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.

अर्थात सर्वच गुण वाटाण्याप्रमाणे चालत नाहीत. उंची, त्वचेचा रंग, मधुमेहाची प्रवृत्ती या गोष्टी अनेक जनुकांवर अवलंबून असतात व त्यांत आहारविहाराचाही भाग असतो. एकाच आईच्या पोटी एक मूल उजळ व दुसरे सावळे निपजते ते यामुळे. कोकणात आपण याच रंगाच्या नावाने 'गोरे' आणि 'काळे' अशी पंगत वेगळी केली होती, हे वृद्ध वाचकांस आठवत असेल. आठवण सुखाची नाही, पण विषय निघाला म्हणून लिहिले.

आपल्या मुंबईचेच एक उदाहरण द्यावयाचे तर ते रक्तगटाचे. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे रक्त शोधून काढले की, जे साध्या तपासणीत 'ओ' गटाचे भासते, पण ज्यास 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. जगभर तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणूनच ओळखला जातो. मुंबईत साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. यासही दोन्ही वह्यांतील चूक लागते. दहा हजारांत एकाच्या दोन्ही वह्या चुकलेल्या, तर हिशेबाने शंभर वह्यांत एक चूक, आणि म्हणून सुमारे पन्नास माणसांत एक वाहक. रोगी विरळा आणि वाहक मात्र प्रत्येक इमारतीत, असा हा प्रकार आहे. या गटाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, वडिलांचा गट 'एबी' असूनही मूल 'ओ' गटाचे भासू शकते. कागद पाहून आईवर संशय घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता नात्यातील विवाहाचा हिशेब पाहू. समजा, आजी एका चुकीची वाहक आहे. ती चूक तिच्या मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी व नातीकडे येण्याची त्याच्या निम्मी, म्हणजे पाव. मुलीकडून झालेल्या नातवाकडे येण्याची शक्यताही पावच. दोघांकडेही असण्याची शक्यता सोळांत एक, आणि त्यांच्या मुलास विकार होण्याची चौसष्टांत एक. त्याच नातीने परक्याशी लग्न केले आणि त्या चुकीचे वाहक समाजात पन्नासांत एक असले, तर हीच शक्यता आठशेंत एक होते. आपणा प्रत्येकाच्या वह्यांत अशा काही चुका असतातच. म्हणून हा हिशेब एकाच आजीच्या एकाच चुकीपुरता नाही. सर्व मिळून पाहता, कोणत्याही दांपत्याच्या मुलात गंभीर जन्मजात दोष असण्याचे प्रमाण साधारण दोन-तीन टक्के मानतात. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या विवाहात ते दुपटीच्या आसपास जाते. जावयांची भीती निराधार नाही, परंतु शंभरांत नव्वदाहून अधिक मुले निरोगीच जन्मतात हेही तितकेच खरे. आजींची सात भावंडे त्या नव्वदांतली.

आपल्याकडे चुलत भावंडांचे लग्न म्हटले की कानावर हात ठेवतात आणि मामाची मुलगी मात्र हक्काची समजतात. याकोबानेही आपल्या मामाच्या, लाबानाच्या, दोन्ही मुलींशी विवाह केला होता. जनुकांस हा भेद ठाऊक नाही. चुलत, मावस, मामे, आते, सर्वांत सामाईक वाटा एक अष्टमांशच. आधीच्या पिढीतही नात्यातले लग्न झालेले असेल तर तो वाढतो, आणि आजींच्या घरी तसे झालेले आहे.

शिवाय आपली सर्वांचीच गोष्ट थोडी कतारसारखी आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. संख्या अक्षरशः घ्यावी की नाही हा वेगळा प्रश्न. परंतु मूळ माणसे थोडी, आणि नंतर शतकानुशतके पेण, रोहे, अलिबाग, मुरूड येथील घराण्यांतच सोयरिकी, हे तर खरेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही बेने इस्राएलांच्या रक्तात ज्यू व भारतीय असे दोन्ही वंश मिसळलेले आढळले, आणि त्यानंतर दीर्घकाळ समाजाने आपापसांतच विवाह केल्याची खूणही दिसली. तेव्हा ज्यांस आपण 'नात्यातले नाही' म्हणतो तेही पाचसहा पिढ्या मागे गेल्यास नात्यातलेच निघण्याचा संभव आहे. आमची मुले आता मोरोक्कोच्या, पोलंडच्या, इराकच्या घरांत लग्ने करीत आहेत. आडनावे बुडाल्याबद्दल हळहळणाऱ्यांत मीही एक आहे, पण या एका बाबतीत त्यांचा लाभच झाला आहे.

कतारने या संकटावर काय केले? २००३ च्या अखेरीपासून नवजात बालकांच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन ते विमानाने जर्मनीतील हायडेलबर्ग येथे तपासणीस पाठविण्यास प्रारंभ झाला. नेहमीच्या पद्धतीने रक्तातील मेथिओनिन मोजले तर काही रोगी निसटतात असे आढळल्यावर होमोसिस्टीनच मोजण्याची व जनुकातील ती चूक थेट शोधण्याची रीत तेथील मुलांसाठी बसविण्यात आली. २००९ च्या अखेरीपासून विवाहापूर्वी वधूवरांची तपासणी कायद्याने आवश्यक झाली. निकाल प्रतिकूल आला तरी लग्नास बंदी नाही; दोघांना बसवून समजावून सांगतात, निर्णय त्यांचा. माझी भाची म्हणते, पुष्कळ जोडपी तरीही लग्न करतात. पण मग मूल जन्मताच डॉक्टर तयार असतात. त्या शाळेत जाणाऱ्या मुलास मासळी, मांस, अंडी वर्ज्य होती, आणि आखाती घरात दररोज सर्वांच्या ताटात मासळी. त्याची आई स्वतः त्याच्याबरोबर भात व भाजी खाई.

दिमोनाच्या आजींस मी असे कळविले आहे : लग्न मोडू नये. नातीने व आतेभावाने आपल्या कुपत होलिममार्फत आनुवंशिक सल्लागारांकडे जावे आणि 'आम्ही आतेमामे भावंडे आहोत' हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ते लपविले तर तपासणीस अर्थ राहणार नाही. दोन्हीकडच्या पाच पिढ्यांत कोणी लहानपणी दगावले, कोणी जन्मांध वा बहिरे होते, कोणाच्या बुद्धीची वाढ झाली नाही, हे आजींनी आठवून कागदावर लिहून द्यावे. हे काम कोणत्याही प्रयोगशाळेस जमणारे नाही. तपासणीत ठरावीक चुकाच शोधतात, त्यामुळे 'सर्व ठीक' असे उत्तर आले तरी ते तेवढ्यापुरतेच समजावे. आणि दोघेही एकाच चुकीचे वाहक निघाले, तर गर्भावस्थेतील तपासणीसह पुढचे मार्ग डॉक्टर सांगतील.

गेल्या आठवड्यात त्यांचे दुसरे पत्र आले. तपासणीची तारीख मिळाली आहे. आजींनी कागद लिहावयास घेतला तेव्हा रोह्यास लहानपणीच वारलेल्या दोन काकांची नावे त्यांस सत्तर वर्षांनी आठवली. दवाखान्यात मुलांबरोबर तेच जावई जाणार आहेत.

मधुमेहाविषयी आलेल्या पत्रांचा विचार पुढील अंकी करू.