डिफॉल्टवर किती दिवस चालवणार?

रेझ्युमेवर ‘काफ्का’ लिहिलंय ना? मग एक प्रश्न. डेटा धो धो येतोय आणि तो वाचणारा प्रोग्रॅम मागे पडत चाललाय. सगळ्यात आधी काय बघाल? ‘अजून एक सर्व्हर लावू’ असं उत्तर तोंडात आलं असेल, तर पुढचं वाचाच.

काफ्का म्हणजे सतत वाहत येणारा डेटा अनेक मशिन्सवर वाटून साठवणारी आणि पुढे पोचवणारी यंत्रणा. लिंक्डइनमध्ये तयार झाली, २०११ मध्ये ओपन सोर्स झाली. ती घडवणाऱ्या तिघांपैकी एक नेहा नारखेडे. आडनाव आपल्या जळगाव-भुसावळकडे ओळखीचं, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्यातलं.

फुकट मिळते, दहा कमांड मारल्या की चालू होते. प्रोजेक्टला मार्कही मिळतात. पण ती चालते डिफॉल्ट सेटिंगवर. म्हणजे नव्या टॉपिकला पार्टिशन एक आणि डेटाची प्रतही एकच. डिस्क गेली, की डेटाही गेला.

रावेर-यावलची केळीची बाग आठवा. पंप मोठा घेतला म्हणून शेवटच्या झाडाला पाणी पोचतंच असं नाही. एका वेळी किती व्हॉल्व्ह सोडायचे, दाब किती ठेवायचा, कुठला ड्रिपर तुंबलाय, हे शेतकरी बागेत फिरून बघतो. काफ्कात पार्टिशन म्हणजे ठिबकच्या नळ्या. एका ग्रुपमध्ये एका पार्टिशनला वाचणारा एकच असतो. पार्टिशन तीन आणि वाचणारे पाच, तर दोघं नुसते बसून राहणार. तुमचा ‘अजून एक सर्व्हर’ इथेच वाया जातो.

वाटणीही चुकू शकते. समजा, केळीच्या ट्रकचा जीपीएस डेटा तालुक्याच्या नावाने वाटला. ऐन सीझनमध्ये रावेरची नळी फुटायला येईल आणि पारोळ्याची कोरडी राहील. तोच डेटा गाडीच्या नंबरने वाटला तर भार बराच सारखा होतो आणि एका गाडीचे मेसेज क्रमानेच मिळतात.

बाकीची सेटिंग्ज म्हणजे सरळ देवाणघेवाण. मेसेज जरा थांबवून गठ्ठ्याने पाठवले तर एकूण जास्त जातात, पण प्रत्येकाला थोडं थांबावं लागतं. सगळ्या प्रतींची पोच मागितली तर डेटा सुरक्षित, पण वेळ जास्त. पैशांचा व्यवहार असेल तर तो वेळ द्यायलाच हवा. लाइक मोजायचे असतील तर कशाला द्यायचा? म्हणून कुणाचं तरी सेटिंग कॉपी करणं म्हणजे शेजाऱ्याच्या शेताचं वेळापत्रक आपल्या शेताला लावणं.

‘आपल्या जळगाव-धुळ्यात कुठे एवढी साधनं?’ ही सबब मला पटत नाही. लॅबमधले तीन पीसी आणि लॅन पुरतं. खोटा लोड टाकून बघायचं टूल काफ्कासोबतच येतं. एका वेळी एकच सेटिंग बदला, आधीचा आणि नंतरचा लॅग वहीत लिहा. मग मुद्दाम एका पीसीची पिन काढा आणि काय होतं ते बघा.

सरांना-मॅडमना एवढंच सांगायचंय: ‘चालू झालं’च्या स्क्रीनशॉटला मार्क देताच, तसे या वहीलाही द्या. कारण इंटरव्ह्यूमध्ये प्रश्न येणार तो बंद कधी पडलं आणि तुम्ही काय केलं याचाच. त्याचं उत्तर त्या वहीत असेल, डिफॉल्टमध्ये नाही.