आधी गच्चीवर झोपून पाहा

एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईतल्या ट्रेकिंगच्या दुकानांत झुंबड उडते. मेच्या सुट्टीत हिमाचलात सार पासला जाणाऱ्यांत मराठी मुलं दरवर्षी असतात. नवे बूट पायात मुरवल्याशिवाय न्यायचे नाहीत, एवढं आता बहुतेकांना कळलं आहे. स्लीपिंग बॅग आणि मॅट मात्र दुकानातून थेट सॅकमध्ये जातात आणि पहिल्यांदा उघडतात त्या डोंगरावर, अंधारात. ही सवय मोडायलाच हवी.

सार पासचा ट्रेक सुरू होतो ते कसोल सुमारे १,६०० मीटरवर आहे, वाटेतला नगारूचा कॅम्प त्याहून दोन हजार मीटरपेक्षा जास्त उंच. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. म्हणजे खाली रात्री १५ अंश असले तर वर शून्याच्या आसपास, आणि वारा वेगळाच.

आयएसओ २३५३७ या मानकानुसार स्लीपिंग बॅगवर वेगवेगळे आकडे असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे प्रमाण स्त्रीला जिथे हातपाय सैल सोडून झोपता येईल ते तापमान. ‘लिमिट’ म्हणजे प्रमाण पुरुष अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल ते. ‘एक्स्ट्रीम’ फक्त जीव तगवण्यापुरतं. चाचणी होते ती तापवलेल्या पुतळ्यावर. तो दिवसभर चढून दमलेला नसतो, घामेजलेलाही नसतो. त्यामुळे खरेदी ‘कम्फर्ट’ पाहूनच करावी, दुकानदार कुठलाही आकडा दाखवो.

हलकेपणाच्या नादात मॅट घरी ठेवणं तर सर्वांत महागात पडतं. अंगाखाली दबलेलं बॅगचं भरण ऊब धरत नाही, जमिनीचा गारठा अडवते ती मॅटच.

म्हणून निघण्याआधी एक अख्खी रात्र गच्चीवर काढावी. हवेची मॅट संध्याकाळी फुगवली आणि पहाटे कंबर फरशीला टेकली, तर ती कुठेतरी गळते आहे. साबणाचं पाणी फिरवलं की बुडबुडे जागा दाखवतात, आणि ठिगळ घरच्या उजेडात नीट बसतं. बॅगची चेन डोळे मिटून, एका हाताने लावून पाहावी. हलक्या बॅगांचं पातळ कापड तिच्यात हमखास अडकतं. पाय टोकाला टेकत असतील तर तिथलं भरण दबून बोटं गार पडणार. कूस बदलताना मॅट सरकते का, करकरते का, हेही त्या रात्रीच कळतं. सकाळी सगळं पुन्हा त्याच पिशवीत कोंबून पाहावं.

थंडीची परीक्षा मात्र मे महिन्यात पुण्याच्या गच्चीवर व्हायची नाही. ज्यांना जमेल त्यांनी खरेदी डिसेंबर-जानेवारीतच उरकून निफाडकडच्या एखाद्या शेतात रात्र काढावी. तिथे पारा एक आकडी होतो.

भाड्याने सामान घेणाऱ्यांना ही संधीच मिळत नाही, कारण बॅग हातात पडते ती बेस कॅम्पवर. पुण्या-मुंबईहून गट नेणाऱ्या संस्थांनी ती आठवडाभर आधी, ट्रेकपूर्व बैठकीतच द्यावी. चेन तुटकी निघाली, तर बदलून द्यायला तेव्हा वेळ असतो.