एक वाहन, दोन शिरें

गेल्या अक्षय्य तृतीयेस आमच्या घरीं नवी मोटरसायकल आली. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू महाविद्यालयांत शिकतो. महाविद्यालय घरापासून १४ किलोमीटर दूर, एस्. टी.च्या वेळा गैरसोयीच्या, आणि मुलगा अठरा वर्षें पुरा झालेला. तेव्हां वाहन घेणें अवश्यच होतें. त्याच्या आजीनें गाडीला कुंकू लाविलें, झेंडूची माळ घातली, चाकाखालीं लिंबू ठेविलें, नारळ वाढविला व पेढे वांटले. या सोहळ्यांत एक वस्तु मात्र आपल्या पिशवीसकट खुंटीला टांगलेली आम्हीं पाहिली. ती म्हणजे गाडीबरोबर आणलेलें हेल्मेट. आणि तेंहि एकच.

इतक्यांत मुलानें किल्ली फिरविली व आजीस हांक मारली, “चल आजी, तुला गणपतीला नेऊन आणतों.” आजीहि हौसेनें पदर सांवरीत मागें बसावयास निघाली. आम्हीं पुढें होऊन हँडलवर हात ठेविला. तो म्हणाला, “आजोबा, देऊळ पांच मिनिटांवर आहे. एवढ्यासाठीं हेल्मेट कशाला?” आम्हीं विचारलें, “तें राहूं दे. तुझ्या आजीचें हेल्मेट कोठें आहे?” याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें, खरें म्हणजे घरांतील कोणापाशींच नव्हतें. त्या सायंकाळीं ओसरीवर जें बोलणें झालें, त्याचें सार नव्यानें वाहन घेणाऱ्या इतर कुटुंबांच्याहि उपयोगीं पडेल, म्हणून या महिन्याचें सदर आम्ही त्यास देत आहों.

शिराचें त्राण करतें तें शिरस्त्राण. हा शब्द आपल्याकडे नवा नाहीं. रणांत जाणारा योद्धा तें घालीत असे, आणि त्यामुळें त्याला कोणी भित्रा म्हणत नसे. मोटरसायकलस्वाराच्या मस्तकावर मात्र तें फार उशिरां आलें, आणि त्याच्यामागें एका प्रसिद्ध पुरुषाचा मृत्यु आहे. पहिल्या महायुद्धांतील अरबांच्या उठावामुळें गाजलेले टी. ई. लॉरेन्स हे वेगवान मोटरसायकलींचे मोठे शौकीन होते. १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांत, आपल्या घराजवळच्याच रस्त्यावर, सायकलीवरून चाललेल्या दोन मुलांस चुकवितांना ते गाडीवरून फेंकले गेले. डोक्यावर कांहीं नव्हतें. सहा दिवसांनीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, ते वारले. त्यांच्या उपचारांसाठीं बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढें दुसऱ्या महायुद्धांत केर्न्स यांनीं मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला व १९४१ मध्यें तो प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें मोटरसायकलीवरचीं २,२७९ माणसें अपघातांत मेलीं होतीं. शिरस्त्राण घातलेले जे सात अपघातग्रस्त केर्न्स यांच्या पाहण्यांत आले, ते सातहि वांचले होते. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें आपल्या स्वारांस शिरस्त्राण सक्तीचें केलें; सामान्य नागरिकांसाठीं तसा कायदा होण्यास मात्र १९७३ साल उजाडलें. लॉरेन्स घराजवळच पडले, हें ‘देऊळ पांच मिनिटांवर आहे’ असें म्हणणारांनीं ध्यानांत ठेवावें.

आपल्या देशांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, असें केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. हेल्मेट न घालतां मेलेल्यांची संख्या ५०,०२९. आणि त्यांपैकीं १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते, नुसते मागें बसले होते. मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम चार वर्षांवरील प्रत्येकास, मग तो पुढें बसो वा मागें, हेल्मेट घालण्यास सांगतें. तरी पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरीं २०१९ च्या जानेवारींत या सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते. सक्ती असावी कीं नसावी, हा वाद विद्वानांनीं खुशाल करावा. पण तो डोकें शाबूत ठेवून करावा, इतकीच आमची विनंती आहे.

आतां आमचीच एक गोष्ट सांगतों. ती आम्हीं या सदरांत आजवर लिहिली नाहीं, कारण तींत दोष आमचा आहे. १९९४ सालीं आमच्याजवळ दुसऱ्याकडून विकत घेतलेली एक मोटरसायकल होती. तिच्या मागच्या चाकाला बाजूस जी जाळी असते, जिला साडी गार्ड म्हणतात, तिचा एक नट ढिला होऊन ती खडखडूं लागली. एक पाना व दोन मिनिटें एवढ्यानें काम झालें असतें. आम्हीं ती जाळीच काढून माळ्यावर टाकली. पुढें एके दिवशीं आम्ही सपत्नीक सांगलीहून नरसोबाच्या वाडीस निघालों. आमच्या डोक्यावर हेल्मेट होतें. सौ.च्या डोक्यावर नव्हतें. दुसरें घ्यावें असें आमच्या मनांतहि आलें नव्हतें. वाऱ्यानें पदर सुटला, चाकांत गुंतला, आणि ती मागच्या मागें रस्त्यावर पडली. वेग फारसा नव्हता. रक्तहि फारसें आलें नाहीं. दोन दिवस ती बेशुद्ध होती, तिसऱ्या दिवशीं तिनें डोळे उघडले, पंधरवड्यानें घरीं आली. सर्वांनीं म्हटलें, थोडक्यांत निभावलें.

घरीं आल्यावर चौथ्या दिवशीं शेगडीवरचें दूध करपलें. त्याचा वास ओसरीवर आम्हांपर्यंत आला, आणि ती तर शेगडीकडे पाठ करून तेथेंच भाजी चिरीत बसली होती! तेव्हां कळलें कीं तिचें घ्राणेंद्रिय गेलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं नाकांतून मेंदूकडे जाणारे अतिसूक्ष्म ज्ञानतंतु डोक्याला बसलेल्या हिसक्यानें तुटतात, आणि कित्येकांचे ते पुन्हां जुळत नाहींत. तिचे जुळले नाहींत. तीस वर्षें होऊन गेलीं. फोडणी झाली कीं नाहीं हें ती आवाजावरून ओळखते. मोगऱ्याचा गजरा आणला तर त्याच्याकडे पाहून ‘छान आहे’ म्हणते. आणि रोज रात्रीं निजण्यापूर्वीं आम्हांस विचारते, “गॅसचा वास येत नाहीं ना?” हा प्रश्न आम्हीं दहा हजारांवर वेळां ऐकला असेल, आणि दर वेळीं तो ढिला नट आम्हांस आठवतो.

त्या नटाची हकीगत त्या सायंकाळीं आम्हीं सर्वांसमक्ष प्रथमच सांगितली. सौ. दारांत उभी होती. ती म्हणाली, “अहो, मला ठाऊक होतें. माळा मीच झाडतें ना! ती जाळी मींच भंगारवाल्याला घातली.” एवढें बोलून ती आंत गेली. मुलगा खालीं मान घालून बसला होता. त्यानें उठून गाडीची किल्ली काढून ठेविली.

असो. या हकीगतींतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. गाडीवर जितकीं शिरें तितकीं शिरस्त्राणें असलीं पाहिजेत, ही पहिली. आणि जो नट आज ढिला झाला तो आजच आंवळला पाहिजे, ही दुसरी.

हेल्मेट घेतांना आय्. एस्. आय्.ची खूण पाहावी. १ जून २०२१ पासून या खुणेवांचून दुचाकीचीं हेल्मेटें विकण्यास बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला टोपीसारखीं हलकीं हेल्मेटें मिळतात. तीं कदाचित् दंड वांचवितील, डोकें वांचविणार नाहींत. माप असें असावें कीं मान हलविली असतां हेल्मेट वेगळें हलूं नये. हनुवटीखालचा पट्टा प्रत्येक वेळीं लावावा. पट्ट्याखालीं दोन बोटें जातील इतकाच तो सैल असावा. आंतील थर्मोकोलसारखा जाड थर आघात झाल्यावर स्वतः दबतो व डोक्याला वांचवितो; एकदां दबला म्हणजे तो पुन्हां फुगत नाहीं. म्हणून अपघातांत आपटलेलें हेल्मेट बाहेरून साजरें दिसलें तरी टाकून द्यावें.

गाडीच्या निगेविषयीं बोलूं लागलें कीं तरुण मंडळी म्हणतात, सकाळीं वेळ नसतो. त्यांनीं महाभारतांतील जयद्रथवधाचा दिवस आठवावा. सूर्यास्तापूर्वीं जयद्रथास मारीन, नाहीं तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. याहून मोठी घाई कोणाला असणार? तरीहि घोडे थकलेले पाहून भर रणांत रथ थांबविला गेला. अर्जुनानें बाणानें भूमि भेदून पाणी काढलें. श्रीकृष्णांनीं घोडे सोडले, त्यांच्या अंगांतील बाण उपटले, त्यांना चोळलें, पाणी पाजलें, आणि मग पुन्हां रथास जुंपलें. हें सर्व व्यासांनीं द्रोणपर्वांत सविस्तर सांगितलें आहे. सारथ्य म्हणजे केवळ लगाम धरणें नव्हे.

नव्या स्वारानें रोज निघण्यापूर्वीं गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालावी. दोन्ही टायर हातानें दाबून पाहावे व त्यांत खिळा, कांच किंवा भेग नाहीं ना हें न्याहाळावें. जमिनीवर तेलाचा डाग पडला आहे काय हें पाहावें. दोन्ही ब्रेक एकेक करून दाबावे व प्रत्येक वेळीं मागचा तांबडा दिवा लागतो ना हें तपासावें. गाडी भिंतीजवळ असेल तर भिंतीवर पडलेल्या उजेडावरून हें एकट्यालाहि कळतें. शेवटीं बाजूचा स्टँड वर घेतला कीं नाहीं हें पाहावें. खालीं राहिलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्यास अडकतो व गाडी उलथवितो. या सर्वांस तीन मिनिटें पुरतात.

आठवड्यांतून एकदां गाडी थंड असतांना हवेचा दाब मोजून घ्यावा. किती दाब ठेवावा हें गाडीच्या पुस्तिकेंत छापलेलें असतें. मागें माणूस बसणार असेल तर मागच्या चाकांत बहुधा अधिक हवा लागते. एंजिनांतील तेल गाडी सरळ उभी करून पाहावें. कललेल्या गाडींत माप चुकतें. साखळी खालच्या बाजूस मधोमध बोटानें ढकलली असतां साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. नेमका आंकडा पुस्तिकेंतून घ्यावा. फार सैल साखळी उतरते, फार ताणलेली लवकर झिजते. सुमारें ५०० किलोमीटर झाल्यावर, पावसाळ्यांत त्याच्याहि आधीं, ती पुसून तिला वंगण द्यावें. पण हें काम करतांना एंजिन बंदच असावें. चालत्या साखळीनें फडकें ओढलें म्हणजे त्याबरोबर बोटेंहि जातात. गाडी धुतल्यावर ब्रेक ओले असतात. ते हळू चालवीत दोन-तीन वेळां दाबून सुकवावे.

आतां थोडें गणित. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. संकट दिसल्यापासून हात ब्रेक दाबीपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यांत १० मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लाविल्यास गाडी आणखी सुमारें १० मीटरांत थांबते. एकूण २०. आतां वेग दुप्पट करा. पहिल्या सेकंदांत २० मीटर जातील. परंतु पुढें २० नव्हे, ४० मीटर लागतील, कारण हें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. एकूण ६०. वेग दुप्पट केला, तर अंतर तिप्पट झालें. हा हिशेब आमच्या नातवानें स्वतः पाटीवर करून पाहिला, व त्याचा परिणाम आमच्या उपदेशाहून अधिक झाला.

ब्रेक दोन्ही एकदम, पण चढत्या दाबानें लावावे. गाडी थांबतांना भार पुढें येतो, म्हणून पुढचा ब्रेक अधिक काम करतो. त्याला भिऊन केवळ मागच्यावर विसंबूं नये. वेग वळणाच्या आधीं कमी करावा, वळणांत नव्हे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी.हून मोठ्या नव्या गाड्यांस ए. बी. एस्. सक्तीचें आहे. तें चाक जखडूं देत नाहीं, पण वाळूवर पकड निर्माण करीत नाहीं. पहिल्या पावसांत रस्त्यावर सांचलेलें तेल वर येतें. तेव्हां शक्य तर थोडा वेळ थांबावें. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनांत ओलांडावे.

वडील माणसांसहि कांहीं नियम आहेत. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं गिअरची गाडी देऊं नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलानें गुन्हा केल्यास पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मुलगा वाटेवर असतां ‘कोठें आहेस?’ म्हणून फोन करूं नये; उत्तर देण्यासाठीं तो एक हात सोडतो. एका गाडीवर तिघांस बसवूं नये. मागें बसणाऱ्या स्त्रियांनीं पदर खोंचून व ओढणी गांठ मारून बसावें, आणि साडी गार्ड खडखडल्यास तें काढावयास नव्हे, आंवळावयास सांगावें.

दुसऱ्या दिवशीं दुसरें हेल्मेट आलें. आजीच्या अंबाड्यामुळें तें बसेना, तेव्हां सौ.नें तिचा अंबाडा सोडून सैल वेणी घातली, पट्टा स्वतः लाविला, व मग आजी-नातू गणपतीला गेले. आमच्या खुंटीवर आतां दोन हेल्मेटें असतात. ज्यांच्या घरीं दुचाकी आहे अशा वाचकांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आपली खुंटी एकदां पाहावी. आणि माळाहि पाहावा.